तोच डबा, तोच खेळ? जुन्या व्हिडिओ गेममधली घरगुती कारागिरी

मागच्या व्याख्यानात आपण द्रव्य आणि गुण यांची चर्चा केली. आज तीच चर्चा एका वस्तूवर करून बघू. वस्तू तुमच्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर असेल: १९९० च्या दशकातला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. तत्त्वज्ञानाच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असं काही जणांना वाटेल. कारण असं की नाशिकमध्ये काही तरुण मंडळी हे डबे उघडून, त्यात स्वतःच्या हाताने फेरफार करून ते पुन्हा चालू करतात, आणि हे करताना नकळत फार जुन्या प्रश्नांना हात घालतात. भाग बदलले तर वस्तू तीच राहते का? विकत घेतलेली वस्तू उघडायचा अधिकार कोणाचा? आणि जुनं जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

दुसरं कारण अगदी व्यावहारिक आहे. दिवाळीच्या आधी माळे रिकामे होतात, आणि हे डबे किलोच्या भावाने भंगारात जातात. ते जायच्या आधी काय जातंय हे आपल्याला कळावं.

आधी वस्तू ओळखून घेऊ. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला. लोक त्याला फॅमिकॉम म्हणू लागले. मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली तो घडला. १९८५ मध्ये त्याचीच अमेरिकन आवृत्ती आली, ती एनईएस. आपल्या घरांत मात्र बहुतेक वेळा यातलं काहीच आलं नाही. आपल्याकडे आल्या त्या त्याच्या नकला. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावं आठवतात ना? आतली रचना फॅमिकॉमची, वरचं प्लास्टिक वेगळं. खेळाच्या कार्ट्रिजला आपण 'कॅसेट' म्हणायचो, जरी तिच्यात फीत नावाला नव्हती. 'नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ एकात' असं वर छापलेलं असायचं, आणि आत तेच मोजके खेळ नावं आणि टप्पे बदलून पुन्हा पुन्हा. तरी तक्रार कोणी केली नाही, कारण तासाच्या भाड्याने खेळणाऱ्या मुलाला मोजके खेळही पुष्कळ होते.

या डब्याची ताकद किती? प्रोसेसरला काम करायला फक्त २ किलोबाइट स्मृती. पडद्यावर २५६ गुणिले २४० ठिपके. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसलेला आहे. आज मोबाइलवर आलेला 'शुभ सकाळ'चा एक फोटो याच्यापेक्षा मोठा असतो. इतकी साधी रचना असल्यामुळेच ती माणसाच्या बुद्धीच्या आवाक्यात राहते. एक माणूस एक स्क्रूड्रायव्हर, एक सोल्डरिंग गन आणि एक मल्टिमीटर घेऊन बसला तर तो हा डबा पूर्ण समजून घेऊ शकतो. आजच्या फोनबद्दल असं म्हणता येत नाही.

आता एक सार्वत्रिक उपचार घेऊ. खेळ चालू झाला नाही की आपण काय करायचो? कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. आणि खेळ चालू व्हायचा! म्हणजे फुंकरीने झाला? आपल्या परंपरेत याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडलं असं होत नाही. खरं कारण हे: कॅसेटच्या कडेला तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर हवेतल्या दमटपणामुळे आणि धुळीमुळे पातळ थर चढतो. कॅसेट काढून पुन्हा घातली की घासण्याने तो थर थोडा निघतो आणि संपर्क नव्याने होतो. काम करत होतं ते काढणं-घालणं. फुंकरीतून उलट ओलावा जायचा आणि गंज वाढायचा. योग्य उपाय म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला कापसाचा बोळा, किंवा अगदी जपून पांढरं खोडरबर. अन्वय बघितला पण व्यतिरेक बघितला नाही, म्हणजे फुंकर न मारता नुसती कॅसेट काढून घालून पाहिली नाही, तर अनुमान कसं घसरतं याचं हे घरोघरचं उदाहरण.

आता फेरफारांकडे येऊ. पहिला फेरफार चित्राचा. मूळ फॅमिकॉममधून फक्त अँटेनाच्या तारेतून जाणारा संकेत निघतो. आत चित्र तयार होतं, मग ते एखाद्या टीव्ही चॅनेलसारखं लहरीवर चढवलं जातं आणि टीव्ही ते परत उतरवतो. या चढउतारात चित्र खराब होतं, मुंग्या येतात. पण चित्र बनवणाऱ्या चिपच्या २१ व्या पायावर शुद्ध व्हिडिओ संकेत आधीच तयार असतो. एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक कॅपॅसिटर यांचं छोटं सर्किट बसवून तो संकेत थेट पिवळ्या एव्ही प्लगपर्यंत आणता येतो. सामान किरकोळ किमतीचं. आपल्या एम. जी. रोडला नाही मिळालं तर पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच.

दुसरा फेरफार विजेचा. या नकलांचा अ‍ॅडॉप्टर बहुधा ९ व्होल्टचा, आणि आतल्या चिपना हवेत ५ व्होल्ट. मधे ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर बसलेला असतो. तो वरचे ४ व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो. डबा अर्धा अँपिअर घेत असेल तर ४ गुणिले अर्धा, म्हणजे २ वॉट उष्णता सतत आत. तास-दीड तासाने डबा तापायचा आणि आई 'बंद कर आता' म्हणायची, त्यात थोडं विज्ञानही होतं! आजची मुलं रेग्युलेटर वगळून थेट ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर डबा चालवतात. सुटसुटीत उपाय आहे. पण असा बदल केलेल्या डब्याला उद्या कोणी जुना ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला तर चिप जळतात. म्हणून जो हा बदल करील त्याने डब्यावर ठळक चिठ्ठी चिकटवलीच पाहिजे. फेरफार करणाऱ्याची जबाबदारी पुढच्या वापरणाऱ्यापर्यंत पोचते, हा यातला नीतीचा भाग.

तिसरा फेरफार कुलपाचा. अमेरिकन एनईएसमध्ये निन्टेन्डोने एक छोटी चिप घातली. डब्यातली चिप म्हणजे कुलूप, कॅसेटमधली तिची जुळी बहीण म्हणजे किल्ली. दोघी एकाच तालात एकच गणित करत राहतात. ताल जुळला नाही की कुलूपवाली चिप डबा पुन्हा पुन्हा रीसेट करते आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. हेतू हा की कंपनीची परवानगी नसलेली किंवा दुसऱ्या प्रदेशातली कॅसेट चालू नये. पण संपर्क जरा खराब झाला तरी हे कुलूप मालकाची विकत घेतलेली अस्सल कॅसेटही नाकारायचं. घरगुती उपाय एवढाच: डब्यातल्या चिपचा चौथा पाय पाटीपासून उचलून ग्राउंडला जोडायचा. त्या पायावरूनच चिपला कळतं की आपण कुलूप आहोत की किल्ली. पाय उचलला की ती स्वतःला किल्ली समजते आणि रीसेट करायचं सोडून देते. जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतंच, त्यामुळे आपल्याकडच्या नकलांमध्येही ते आलं नाही.

चौथा फेरफार बॅटरीचा. काही कॅसेटमध्ये, उदाहरणार्थ 'लेजंड ऑफ झेल्डा'च्या १९८७ च्या अमेरिकन कॅसेटमध्ये, खेळाडू कुठवर पोचला याची नोंद राहते. ती ज्या चिपमध्ये राहते तिला अखंड वीज लागते, आणि ती ३ व्होल्टचं एक नाण्याएवढं सेल पुरवतं. तेल संपलं की समई विझते, तशी सेल संपलं की नोंद जाते. सेल बदलताना मुलं एक युक्ती करतात: जुनं काढण्याआधी बाहेरून समांतर ३ व्होल्ट जोडून ठेवतात, म्हणजे क्षणभरही वीज खंडत नाही. एखाद्या थोरल्या भावाने तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं नाव त्यामुळे पडद्यावर टिकून राहतं. यातून बाजारभावाचं काही वाचत नाही. ज्याचं वाचतं त्याला मात्र विचारून बघा.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. चित्राचं सर्किट बदललं, वीज बदलली, कॅपॅसिटर नवे घातले, वरचं प्लास्टिकही दुसऱ्या डब्याचं लावलं. हा तोच डबा का? ग्रीकांनी हा प्रश्न थिसियसच्या जहाजाबद्दल विचारला. आपल्याकडे तो रथाबद्दल विचारला गेला. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? शेवटी असं ठरतं की या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेलं नाव म्हणजे रथ. हा मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. आणि ग्रीक आणि बौद्ध यांची गाठ आपल्याला परकी नाही; आपल्या त्रिरश्मी डोंगरावर, पांडवलेण्यांत, एक लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने दान केल्याचा शिलालेख आजही आहे.

न्याय-वैशेषिकांना नागसेनाचं म्हणणं मान्य नाही. त्यांच्या मते अवयवांपेक्षा वेगळा असा एक 'अवयवी' खरोखर असतो आणि तो समवाय संबंधाने अवयवांत राहतो. मग एक अवयव काढला तर? ते काटेकोरपणे सांगतात की जुना अवयवी नाहीसा झाला आणि नवा उत्पन्न झाला. वस्त्राचा तुकडा फाडला की जे उरतं ते नवं वस्त्र. आपल्याला 'तोच हा' असं वाटतं ते साम्यामुळे, जसं रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत आपल्याला तीच वाटते.

कोणाचं बरोबर? आमचं मत असं की फेरफार करणाऱ्याने नैयायिकाची काळजी घ्यावी आणि नागसेनाचा हलकेपणाही ठेवावा. म्हणजे कसं? प्रत्येक बदलाने काहीतरी खरंच नाहीसं होतं हे मान्य करायचं, म्हणून बदल कमीत कमी करायचा, शक्यतो परत फिरवता येईल असा करायचा, आणि काढलेला भाग पिशवीत घालून डब्याबरोबर ठेवायचा. मूर्ती आणि चित्रं जपणारे लोकही हेच पथ्य पाळतात. पण त्याच वेळी 'मूळ' या शब्दापुढे लोटांगण घालायचं नाही, कारण मूळ काय हेच पुष्कळदा ठरत नाही.

हे एका उदाहरणाने बघू. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतो, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. खेळाची चाल या ठोक्यावर बांधलेली असते. पालसाठी बनलेल्या अनेक नकलांमध्ये प्रोसेसरचा वेग जवळजवळ जपानी डब्याइतकाच ठेवला होता, १.७७ मेगाहर्ट्झ विरुद्ध १.७९. त्यामुळे सूर जवळपास तोच राहिला, पण ठोके ५० झाल्याने चाल एक षष्ठांशाने मंदावली. म्हणजे अशा डब्यावर खेळलेल्या नाशिकच्या मुलाचा मारिओ जपानी मुलाच्या मारिओपेक्षा सावकाश धावत होता, त्याचं गाणंही संथ लयीत वाजत होतं. आता कोणी चिप आणि क्रिस्टल बदलून डबा ६० ठोक्यांवर आणला, तर तो 'मूळ' झाला की त्याचं मूळ पुसलं गेलं? जपानच्या दृष्टीने दुरुस्ती, आपल्या आठवणीच्या दृष्टीने मोडतोड. दोन्ही बाजूंना युक्तिवाद आहे. म्हणूनच बदलाआधी 'कोणाचं मूळ?' हे विचारावं लागतं.

आणखी एक गोष्ट. त्या डब्याबरोबरची बंदूक आठवते? बदक उडायचं, आपण चाप ओढायचो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. हे सगळं जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बेतलेलं आहे, ज्याचा किरण एका सेकंदात सुमारे १५ हजार रेघा ओढतो. आजच्या सपाट टीव्हीवर तो किरण नाही, शिवाय चित्र थोडं उशिरा येतं. म्हणून डबा ठणठणीत, बंदूक ठणठणीत, आणि नेम मात्र कधीच लागत नाही. खेळ डब्यात नव्हता. तो डबा, टीव्ही, बंदूक आणि चटईवर बसलेलं पोर या सगळ्यांमध्ये मिळून होता. नागसेन इथे नक्की हसला असता.

आता मालकीचा प्रश्न. १९९२ मध्ये अमेरिकेत दोन निकाल लागले, ते विचार करण्यासारखे आहेत. पहिला 'गेम जिनी' या उपकरणाचा. ते कॅसेट आणि डब्याच्या मधे बसायचं आणि प्रोसेसरने एखादा आकडा मागितला की दुसराच पुरवायचं. तीन जीव असतील तिथे नऊ. कॅसेटमध्ये कायमचा बदल काहीच नाही. निन्टेन्डोने हरकत घेतली, न्यायालयाने ती मान्य केली नाही. ग्राहकाने आपल्या घरात, आपल्या खेळाशी केलेला हा खेळ हक्कभंग ठरला नाही. दुसरा निकाल त्या कुलपाच्या चिपचा. अटारी गेम्स कंपनीने कुलपाचं गणित उलगडून स्वतःची किल्ली बनवली. न्यायालय म्हणालं की समजून घेण्यासाठी वस्तू उलगडणं हे गैर नाही. पण अटारीने त्या प्रोग्रॅमची प्रत कॉपीराइट कार्यालयाकडून खोटं कारण सांगून मिळवली होती. तिथे ती कंपनी अडकली. उघडून बघणं हा दोष ठरला नाही, खोटेपणा ठरला.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. संरक्षणासाठी बसवलेलं तांत्रिक कुलूप, हक्कभंग करण्याच्या हेतूने जो चुकवील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यात 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा. चौथा पाय उचलणाऱ्या दोघांची कृती बाहेरून सारखीच दिसेल. एकाला स्वतःची अस्सल कॅसेट चालवायची आहे, दुसऱ्याला चोरीच्या प्रती विकायच्या आहेत. कायदा इथे कृतीबरोबर संकल्पही पाहतो. आणि हेही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे की आपण ज्यांच्या आठवणी काढतो ते आपले डबे आणि कॅसेट स्वतःच नकला होत्या. त्या स्वस्त होत्या म्हणून सामान्य घरात पोचल्या, आणि ज्यांनी ते खेळ रचले त्यांना त्यातून काही मिळालं नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत. एकाने दुसरं पुसू नये.

शेवटी, आत्ता काय करायचं? एक अडचण समजून घ्या. सुरुवातीच्या नकलांमध्ये पाय असलेल्या सुट्या चिप होत्या. एक बिघडली तर काढून दुसरी लावता यायची. पुढे सगळं एकाच चिपमध्ये आलं आणि ती पाटीवर बसवून वर काळ्या इपॉक्सीचा थेंब टाकला गेला. तो थेंब गेला की डबा गेला, त्याला उपाय नाही. म्हणून तुमच्या माळ्यावरचा डबा सुट्या चिपचा असेल तर तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोलाचा आहे. टाकण्याआधी चार स्क्रू काढून आत बघा, फोटो काढा, पाटीवर छापलेले आकडे लिहून घ्या. सोल्डरमध्ये शिसं असतं, काम झाल्यावर हात धुवा, खिडकी उघडी ठेवा. आणि जुन्या टीव्हीचं मागचं झाकण मात्र शिकलेल्या माणसाशिवाय कोणी उघडू नका. बंद करून ठेवलेल्या टीव्हीच्या नळीतही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. ही सूचना गंभीरपणे घ्या.

हे ज्ञान पुस्तकात थोडं आहे आणि हातात जास्त आहे. किती वेळ टोक टेकवायचं, कथील कधी चमकून पसरतं, हे कल्हईवाल्याला जसं डोळ्याने कळायचं तसंच इथेही आहे. ज्या गृहस्थांनी १९९० च्या दशकात गल्लीतल्या छोट्या दुकानात बसून हे डबे दुरुस्त केले ते आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडे सर्किटचे नकाशे नव्हते, त्यांनी ते डोक्यात तयार केले. आज फेरफार करणाऱ्या मुलांना आमची एकच विनंती आहे: तुमच्या भागातल्या अशा एखाद्या काकांना शोधा, त्यांच्या शेजारी बसा, आणि ते सांगतील ते मराठीत लिहून ठेवा. डबे अजून काही वर्षं मिळतील. ते सांगणारी माणसं तितकी वर्षं मिळतीलच असं नाही.

पुढच्या वेळी आपण 'अनुकरण आणि नक्कल' या विषयावर बोलू. प्रश्न असतील तर आता विचारा.